करार कधी संपतो, ते आधी पाहा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये ‘बिग टेन’ नावाचा एक गट आहे. नावाप्रमाणे त्यात दहा विद्यापीठे हवीत, आहेत अठरा. ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये बारा हवीत, आहेत सोळा. ‘अटलांटिक कोस्ट’ हा गट अटलांटिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा. पण त्यातली दोन विद्यापीठे कॅलिफोर्नियात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. आणि ‘पॅक ट्वेल्व्ह’ या शंभर वर्षांहून जुन्या गटात २०२४ च्या हंगामात फक्त दोन संघ खेळले.

या गटांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात. ही उलथापालथ बहुतेक २०२१ नंतरच्या तीन-चार वर्षांतली आहे, आणि तिचे कारण मैदानावरची हार-जीत नाही, टीव्हीचे करार आहे. कोणती कॉन्फरन्स सर्वांत चांगली, यावर अमेरिकेत घरोघरी वाद चालतो. संघ किती तगडे आहेत आणि पैसा किती मिळतो, या दोन गोष्टींवर तो वाद फिरत राहतो. हा विषय वाचताना मला मात्र वाटू लागले की तिसरी एक गोष्ट या दोन्हींपेक्षा महत्त्वाची आहे : त्या कॉन्फरन्सचा टीव्ही करार कोणत्या वर्षी संपतो. असे का वाटले, ते सांगण्यासाठी हा लेख.

खेळ कोणता आणि गट कशासाठी

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपण गेम्स पिरियडला खेळतो तो नव्हे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात, एवढेच साम्य. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकायचा, आणि समोरच्या संघाने अंगावर येऊन अडवायचे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड.

या खेळाचा पहिला कॉलेज सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला असे मानतात. आज जगभर प्रसिद्ध असलेली एनएफएल ही व्यावसायिक लीग १९२० मध्ये, म्हणजे त्यानंतर अर्ध्या शतकाने सुरू झाली. त्यामुळे अमेरिकेच्या कितीतरी भागांत लोकांचा जीव शहराच्या व्यावसायिक संघापेक्षा आपल्या विद्यापीठाच्या संघावर जास्त आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. खेळणारे मात्र विद्यार्थी असतात, आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे.

कॉन्फरन्स निघाल्या त्या सोयीसाठी. जवळपासच्या विद्यापीठांनी एकत्र यायचे, नियम सारखे ठेवायचे, दरवर्षी एकमेकांशी खेळायचे आणि शेवटी गटाचा विजेता ठरवायचा. बिग टेनची सुरुवात १८९६ ची. पॅक ट्वेल्व्हचे मूळ १९१५ चे. दक्षिणेकडची ‘साउथईस्टर्न’, जिला सगळे एसईसी म्हणतात, ती १९३२ ची. अटलांटिक कोस्ट, म्हणजे एसीसी, १९५३ ची. बिग ट्वेल्व्ह सर्वांत लहान. तिचे सामने १९९६ मध्ये सुरू झाले.

आपल्या शाळेत पहिल्या दिवशी जे हाउस मिळते, तेच पासआउट होईपर्यंत राहते. चॅम्पियनशिपची ढाल दुसऱ्या हाउसकडे जाते म्हणून कुणाला हाउस बदलता येत नाही. अमेरिकेतही पूर्वी साधारण असेच मानत असत. कॉन्फरन्स बदलता येत होती, पण ती रोजची गोष्ट नव्हती. ती रोजची गोष्ट कशी झाली, हे समजायला १९८४ सालात जावे लागते.

एक विक्रेता गेला, अनेक आले

१९५० च्या दशकापासून कॉलेज सामन्यांचे टीव्ही हक्क एनसीएए ही देशव्यापी संस्था एकहाती सांभाळत असे. सामने रोज टीव्हीवर दिसले तर स्टेडियम ओस पडतील, ही तिची भीती होती. म्हणून एका संघाचे दोन वर्षांत फार तर सहा सामने दाखवायचे, असा नियम होता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या मोठ्या संघांच्या विद्यापीठांना हे जाचक वाटले आणि ती कोर्टात गेली. जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की अशी मक्तेदारी बेकायदा आहे.

विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः १९३० च्या दशकात कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत खेळाडू होते. कॉलेजचा खेळ शिक्षणाचा भाग आहे, तो निव्वळ बाजारावर सोपवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कोलोरॅडो हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

आपल्याकडे आयपीएलचे हक्क बीसीसीआय एकत्र विकते. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ते ४८,३९० कोटी रुपयांना गेले. कोणताही संघ उठून वेगळा सौदा करत नाही. एनएफएललाही १९६१ च्या एका कायद्यामुळे सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकता येतात. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र १९८४ नंतर एक विक्रेता उरला नाही. प्रत्येक कॉन्फरन्स आपला माल घेऊन स्वतंत्रपणे बाजारात उतरली. त्यामुळे चांगला संघ दुसरीकडून ओढून आणला की आपला भाव वाढतो, हे सगळ्यांना कळले.

टीव्हीचा पैसा येतो कुठून

अमेरिकेत केबलचे बिल भरणारे प्रत्येक घर ईएसपीएन या क्रीडावाहिनीसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम देत असे, घरात कुणी खेळ पाहो वा न पाहो. २०११ च्या सुमारास अशी घरे सुमारे १० कोटी होती. मग कॉन्फरन्सनी स्वतःच्याही वाहिन्या काढल्या. बिग टेनने २००७ मध्ये फॉक्सच्या भागीदारीत वाहिनी सुरू केली. आपल्या राज्यातल्या घरांकडून जास्त शुल्क मिळते, म्हणून तिने २०१४ मध्ये रटगर्स आणि मेरीलँड यांना घेतले. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन शहरांभोवतालची लाखो केबलची घरे त्यांच्यामुळे हाती येणार होती.

पण लोक केबल सोडून मोबाइल आणि इंटरनेटकडे वळू लागले. २०२३ पर्यंत ईएसपीएनची घरे ७ कोटींच्या आसपास उतरली. मालिका आणि सिनेमे कधीही पाहता येतात. सामना मात्र त्याच वेळी पाहावा लागतो, आणि जाहिराती चुकवता येत नाहीत. म्हणून वाहिन्यांनी थेट सामन्यांसाठी जास्त पैसे मोजायला सुरुवात केली, पण सगळ्यांच्या सामन्यांसाठी नाही. ज्यांचे सामने कोट्यवधी लोक पाहतात त्यांनाच मोठी रक्कम, बाकीच्यांसाठी हात आखडता. टीव्हीचा पैसा वाढला खरा, पण तो थोड्याच ठिकाणी साचू लागला.

पॅक ट्वेल्व्हची गोष्ट

आता ज्या कॉन्फरन्सचे सर्वांत वाईट झाले तिच्याकडे येऊ. पॅक ट्वेल्व्ह ही पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स. स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी, वॉशिंग्टन, ओरेगॉन अशी नावे तिच्यात होती. ती स्वतःला ‘विजेत्यांची कॉन्फरन्स’ म्हणवत असे, आणि सगळ्या खेळांतली पदके मोजली तर ते खोटे नव्हते. २०१० मध्ये तर तिचे प्रमुख लॅरी स्कॉट यांनी टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्यासह बिग ट्वेल्व्हमधले मोठे संघ आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला होता. तो यशस्वी झाला असता तर बिग ट्वेल्व्ह तेव्हाच संपली असती.

२०१२ मध्ये पॅक ट्वेल्व्हने स्वतःची वाहिनी काढली. एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक. कुणाही भागीदाराला न घेता. पूर्ण मालकी म्हणजे पूर्ण नफा, हा हिशोब होता. पण डायरेक्टटीव्ही या मोठ्या कंपनीने ती वाहिनी कधीच घेतली नाही, आणि तिला घराघरांत पोहोचवायला पाठीशी कुणी मोठा भागीदार नव्हता. शिवाय घड्याळाची अडचण होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चार वेगवेगळ्या वेळा चालतात. कॅलिफोर्नियात संध्याकाळी साडेसातला सामना सुरू झाला की न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. पूर्वेकडचे प्रेक्षक झोपी गेल्यावर चांगला खेळ होऊन काय उपयोग?

जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत जाण्याचे जाहीर केले. बिग ट्वेल्व्ह पार खिळखिळी झाली. त्या वेळी उरलेल्यांना आपल्यात घेण्याची संधी पॅक ट्वेल्व्हला होती. तिने ऑगस्टमध्ये जाहीर केले की आम्हाला विस्तार करायचा नाही. त्याच आठवड्यात बिग टेन, एसीसी आणि पॅक ट्वेल्व्ह या तिघींनी एकमेकींना साथ देण्याची ‘आघाडी’ घोषित केली. मात्र कोणत्याही करारावर सह्या झाल्या नाहीत. एकमेकांवर विश्वास पुरेसा आहे असे सांगण्यात आले. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ रोजी, त्याच बिग टेनने पॅक ट्वेल्व्हमधून यूएससी आणि यूसीएलए हे दोन्ही संघ काढून घेतले. लॉस एंजेलिस ही देशातली दुसऱ्या क्रमांकाची टीव्ही बाजारपेठ त्यांच्यासोबत गेली.

इथून पुढे सगळा खेळ तारखांचा आहे. पॅक ट्वेल्व्हचा टीव्ही करार २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होता. बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर एक वर्षाने, २०२५ मध्ये. म्हणजे रांगेत पॅक ट्वेल्व्ह पुढे होती. पण बिग ट्वेल्व्हचे नवे प्रमुख ब्रेट यॉरमार्क यांनी आपली पाळी येण्याची वाट पाहिली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्येच त्यांनी ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांचा वाढीव करार करून टाकला. रक्कम सुमारे २.२८ अब्ज डॉलर, म्हणजे प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला साधारण ३ कोटी १७ लाख. ही रक्कम डोळे दिपवणारी नव्हती, पण ती पक्की होती. त्यात आणखी एक कलम होते : एखादा मोठा संघ नव्याने आला तर वाहिन्यांनी त्याच्यासाठीही तेवढाच वाटा द्यायचा. म्हणजे पाहुणा आला तरी घरच्यांचे ताट कमी होणार नव्हते.

पॅक ट्वेल्व्ह मात्र जास्त रकमेची वाट पाहत राहिली. त्या वेळच्या बातम्यांनुसार ईएसपीएनने प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले होते आणि पॅक ट्वेल्व्हने ५ कोटी मागितले. बोलणी तिथेच थांबली. वाहिन्यांनी आपले पैसे आणि वेळेच्या जागा दुसऱ्यांना दिल्या. महिने गेले. शेवटी समोर आला तो ॲपलचा प्रस्ताव. त्यात ठरलेली रक्कम कमी होती आणि उरलेले उत्पन्न किती लोक वर्गणी भरून सामने पाहतील यावर अवलंबून होते.

२७ जुलै २०२३ रोजी पहिला संघ फुटला. तो होता कोलोरॅडो, न्यायमूर्ती व्हाइट यांचे विद्यापीठ. तो बिग ट्वेल्व्हमध्ये गेला. ४ ऑगस्टच्या सकाळी उरलेली नऊ विद्यापीठे ॲपलच्या करारासाठी एकत्र येणार होती. त्याच दिवशी वॉशिंग्टन आणि ओरेगॉन बिग टेनमध्ये गेले, आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी बिग ट्वेल्व्हची वाट धरली. एका दिवसात नवाचे चार झाले. सप्टेंबरमध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांना एसीसीने घेतले, तेही सुरुवातीला इतरांच्या सुमारे तीस टक्के वाट्यावर. मागे राहिले ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

विशेष म्हणजे त्याच हंगामात पॅक ट्वेल्व्हचा वॉशिंग्टन हा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय अंतिम फेरीत पोहोचला. ८ जानेवारी २०२४ रोजी तो मिशिगनकडून ३४-१३ असा हरला. म्हणजे देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ ज्या कॉन्फरन्सचा होता, ती कॉन्फरन्स तोवर मोडून पडली होती. संघ दुबळे म्हणून ती मोडली नाही. तिच्या कराराची तारीख आली तेव्हा तिच्या हातात सही केलेला कागद नव्हता, म्हणून मोडली.

माझा एक मावसभाऊ मागे राहिलेल्या या दोन विद्यापीठांपैकी एकात शिकतो. मी त्याला फोनवर विचारले, “दादा, तुमच्याकडे लोक चिडले असतील ना?” तो म्हणाला, “चिडले थोडे, घाबरले जास्त. गाव लहान आहे. शनिवारच्या सामन्यावर इथली हॉटेलं चालतात.” हे ऐकेपर्यंत मला ही गोष्ट नुसती आकड्यांची वाटत होती.

त्या दोघांनी मात्र हार मानली नाही. कॉन्फरन्सच्या मालमत्तेवर आणि कारभारावर हक्क आमचाच, असे म्हणत ते कोर्टात गेले आणि जिंकले. एनसीएएच्या नियमात दोन वर्षांची सवलत होती, ती वापरून त्यांनी नाव जिवंत ठेवले. आता २०२६ च्या हंगामापासून बॉईसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट यांना घेऊन आठ फुटबॉल संघांची पॅक ट्वेल्व्ह नव्याने उभी राहते आहे.

उरलेल्या चौघींची तुलना

आता तारखेचा हा दिवा हातात घेऊन बाकीच्या चार मोठ्या कॉन्फरन्स पाहू.

एसईसी : १६ संघ. खेळाच्या बळावर ही सर्वांत वजनदार. २००६ ते २०२२ या सतरा हंगामांपैकी तेरा राष्ट्रीय विजेतेपदे तिच्या संघांनी मिळवली. पूर्वी तिच्या सर्वांत मोठ्या साप्ताहिक सामन्यासाठी सीबीएस वर्षाला सुमारे ५.५ कोटी डॉलर देत असे. २०२४ पासून ते हक्क ईएसपीएनच्या समूहाकडे गेले, दहा वर्षांसाठी, वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलरना. म्हणजे २०३४ पर्यंत तिला चिंता नाही. पण सगळी अंडी एकाच टोपलीत आहेत. ईएसपीएनचे बरे-वाईट ते तिचेही बरे-वाईट.

बिग टेन : १८ संघ. पैशात ही सर्वांत पुढे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तिघांशी मिळून सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. शनिवारी दुपारी एक, त्यानंतर दुसरी, रात्री तिसरी वाहिनी. २०२३ आणि २०२४ च्या हंगामांत मिशिगन आणि ओहायो स्टेट या तिच्याच संघांनी विजेतेपद मिळवले. मात्र करार २०३० मध्ये संपतो, चौघींत सर्वांत आधी. शिवाय घरात सगळे सारखे नाहीत. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन यांनी सुरुवातीची वर्षे जुन्या सदस्यांच्या साधारण निम्म्या वाट्यावर काढायचे मान्य केले आहे.

बिग ट्वेल्व्ह : १६ संघ. तिच्याकडे आता देशभर गाजणारे एकही फार मोठे नाव नाही. पण म्हणूनच बहुधा तिथे समतोल आहे आणि कुणी कुणाचा हेवा करत नाही. २०३१ पर्यंत पैसा ठरलेला. चौघींत ती सर्वांत श्रीमंत नाही, पण वेळ साधण्यात तीच सर्वांत हुशार ठरली.

एसीसी : फुटबॉलमध्ये १७ संघ. कागदावर तिचा ईएसपीएनशी करार सर्वांत लांब, २०३६ पर्यंतचा. इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी. कॉन्फरन्सच्या सदस्यांकडून असे लिहून घेतात की आमच्या मैदानावरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क या मुदतीपर्यंत कॉन्फरन्सचेच राहतील. म्हणजे संघ निघून गेला तरी त्याचे हक्क मागेच राहतात. हे कुलूप एसीसीने भक्कम लावले होते. पण मुदत लांब असल्याने जुनाच भाव चालू राहिला, आणि इतरांचे भाव वाढत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट सगळे सामने जिंकूनही, १३-० असा हंगाम करूनही, राष्ट्रीय प्लेऑफच्या चार संघांत निवडला गेला नाही. त्याच महिन्यात त्याने एसीसीवर दावा लावला. बाहेर पडायला ५७ कोटी डॉलरहून अधिक खर्च येईल, असे त्या दाव्यात म्हटले होते. पुढे क्लेमसनही कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली : टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग ज्याचे सामने जास्त लोक पाहतात त्याला, आणि बाहेर पडण्याची रक्कम वर्षावर्षाला कमी होत २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येणार.

आता या सगळ्या तारखा एका ओळीत लिहून पाहा. बिग टेन २०३०. बिग ट्वेल्व्ह २०३१. एसीसीचे कुलूप सैल होणार २०३०-३१. एसईसी २०३४. पुढचा भूकंप कधी होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०३० च्या आसपास तीन कॉन्फरन्सची दारे एकदम उघडतील, आणि जिच्याकडे त्या वेळी सही केलेला कागद असेल तीच तगेल.

किंमत कोण मोजतो

हा पैसा पूर्वी प्रशिक्षकांचे पगार आणि स्टेडियम यांवर जाई. जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या एका तडजोडीनुसार आता विद्यापीठे खेळाडूंनाही थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले असे मला वाटते. पण त्यामुळे ज्याच्या कॉन्फरन्सकडे पैसा कमी, त्याला चांगला खेळाडू टिकवणेही अवघड झाले. म्हणजे कराराचा फरक आता थेट मैदानावर उतरणार.

दुसरी किंमत प्रवासाची. लॉस एंजेलिसहून रटगर्सच्या न्यू जर्सीला जायचे तर विमानाने साधारण ३,९०० किलोमीटर. दिल्ली ते कन्याकुमारी हे सरळ अंतर २,३०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे गटातला एक सामना खेळायला त्याच्या दीडपट अंतराहून जास्त जायचे, आणि तेवढेच परत यायचे. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदाच खेळतो, त्याला चालून जाईल. पण कॉन्फरन्स बदलली की व्हॉलीबॉल, टेनिस, सॉफ्टबॉलच्या मुला-मुलींनाही जावे लागते, आणि त्यांचे सामने आठवड्याच्या मधल्या वारीही असतात. सोमवारी सकाळी वर्ग असतोच. इंटर-स्कूल स्पर्धेहून रात्रीच्या गाडीने परतून दुसऱ्या दिवशी पीटीला उभे राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरी किंमत जुन्या लढतींची. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट हे एकाच राज्यातले शेजारी शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी खेळत आले. नोव्हेंबर २०२३ मधल्या सामन्यानंतर ती लढत थांबली, कारण दोघांच्या कॉन्फरन्स वेगळ्या झाल्या. उलट बाजूही सांगितली पाहिजे. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची २०११ नंतर बंद पडलेली लढत २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, कारण आता दोघे एसईसीत आहेत. बदलाने सगळे बिघडतेच असे नाही.

सैनिकी अकादम्यांचे काय

आपल्या शाळेच्या वाचकांना हा प्रश्न पडणारच. वेस्ट पॉइंटच्या आर्मी संघाने १९९८ मध्ये एका कॉन्फरन्समध्ये प्रवेश केला होता. तो अनुभव वाईट ठरला. २००३ मध्ये संघ तेराच्या तेरा सामने हरला. २००५ पासून आर्मी पुन्हा स्वतंत्र खेळू लागली. मग २०२४ मध्ये ती ‘अमेरिकन’ या कॉन्फरन्समध्ये गेली, जिथे नेव्ही २०१५ पासून आहे. या वेळी पहिल्याच वर्षी आर्मी कॉन्फरन्सची विजेती झाली. एअर फोर्स अकादमी मात्र ‘माउंटन वेस्ट’मध्येच राहिली.

पण आर्मी आणि नेव्ही एका कॉन्फरन्समध्ये असूनही त्यांचा आपसातला सामना कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरत नाहीत. १८९० पासूनचा तो सामना डिसेंबरमध्ये, कॉन्फरन्सच्या अंतिम लढती उरकल्यानंतर, आपल्या वेगळ्या शनिवारी होतो. १४ डिसेंबर २०२४ रोजी नव्याने विजेती झालेली आर्मी तो सामना ३१-१३ असा हरली. कॉन्फरन्सची ढाल वेस्ट पॉइंटच्या कपाटात होती, तरी त्या दिवशीचा आनंद नेव्हीचा होता. दोन्ही बाजूंचे कॅडेट नेहमीप्रमाणे शेवटी एकत्र उभे राहून आधी हरलेल्यांचे आणि मग जिंकलेल्यांचे अकादमी-गीत गातात. टीव्ही तोही सामना दाखवते आणि त्याचेही पैसे देते. फक्त तो कुणाशी खेळायचा, हे टीव्ही ठरवत नाही.

म्हणून यापुढे कुणी विचारले की एसईसी चांगली की बिग टेन, तर मी आधी दोन प्रश्न विचारीन. करार कधी संपतो? आणि करार नसता तरी हे संघ एकमेकांशी खेळले असते का? पहिल्याचे उत्तर कागदावर आहे. दुसऱ्याचे उत्तर २०३० मध्ये मिळेल. सगळे मनासारखे झाले तर तेव्हा मी खडकवासल्याला एनडीएत असेन, आणि बिग टेनमध्ये किती विद्यापीठे उरली आहेत ते मोजून पाहीन.